मांडवातली शपथ

[दृश्य : पहाट, पांझरेचा काठ, मंदिराच्या पायऱ्या]

धुळ्यात पांझरेच्या काठावर एकवीरादेवी आहे. खान्देशातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलस्वामिनी. लग्नाची पहिली पत्रिका इथं ठेवायची आणि मग गावात वाटायला काढायची, अशी रीत. आज पत्रिका घेऊन आलेलं कुटुंब साक्री तालुक्यातलं. पत्रिकेला हळद-कुंकू लागलंय, वर देवीचं नाव आहे. पंचांगातला मुहूर्त मात्र छापलेला नाही. लग्न सकाळी दहाला आहे, कारण वैशाखाचं ऊन चढायच्या आत पंगती उठायला हव्यात.

हे लग्न सत्यशोधक पद्धतीनं, म्हणजे पुरोहिताशिवाय लागणार आहे.

[दृश्य : हिरवा मांडव, जात्यावर हळद दळणाऱ्या बायका]

मांडवावर आंब्या-जांभळाच्या डहाळ्या आहेत. जात्यावर हळद दळली जातेय, आणि अहिराणी गाण्यात नवरीच्या मामापासून वरमाईपर्यंत सगळ्यांची नावं गुंफली जातायत. जात्याच्या खुंट्याला चौघींचे हात आहेत. डावीकडून दुसरी आहे ती नवरीची आत्या. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली.

[गाणं पूर्ण ऐकू द्यावं]

आजीनं देवक बसवलंय. तिला कोणी अडवलं नाही. ‘भटजी नाही, तर देव कसा येणार?’ असं शेजारणीनं विचारलं, तेव्हा आजी एवढंच म्हणाली, ‘देव तं मांडोमाच शे.’ देव तर मांडवातच आहे.

[दृश्य : फुल्यांचं जुनं छायाचित्र, मग मांडवातलं टेबल, त्यावर जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या तसबिरी]

सत्यशोधक लग्न म्हणजे देव न मानणाऱ्यांचं लग्न, असा समज अजून पुष्कळांचा आहे. तो खरा नाही. जोतिराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, तो श्रद्धेच्या पायावर. सगळ्यांना घडवणारा निर्मिक एकच आहे, आणि त्याच्याशी बोलायला मधला माणूस लागत नाही, ही ती श्रद्धा. त्याच वर्षी डिसेंबरात समाजाच्या पद्धतीनं पहिलं लग्न लागलं. 1887 साली जोतिरावांनी पूजाविधी आणि मंगलाष्टकांची पुस्तिका छापली. पुरोहिताशिवाय लग्न कसं लावायचं, हे त्यात पायरीपायरीनं दिलेलं आहे. धुळ्याचे मार्क्सवादी विचारवंत शरद पाटील यांनी 1978 साली काढलेल्या पक्षाच्या नावातही सत्यशोधक हा शब्द होता. त्यामुळे या पट्ट्यात तो नवा नाही.

[दृश्य : नवरानवरी समोरासमोर. हातात हार आणि कागद]

आता नीट ऐका. चाल आपल्या ओळखीची, नेहमीच्या मंगलाष्टकांचीच आहे. पण म्हणणारे वेगळे. इथं नवरानवरी गप्प उभे नाहीत, ते स्वतः म्हणतायत, एकमेकांना उद्देशून. सुरुवात नवरा करतो. मग नवरी उत्तर देते. आम्हा बायकांना स्वातंत्र्याचा अनुभव कधी आलाच नाही, असं ती म्हणते, आणि स्त्रीचे अधिकार देशील अशी शपथ घे, असं सगळ्यांसमोर त्याला सांगते. तो शपथ घेतो, आणि मगच हार पडतात.

जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात हे लिहिलं गेलं, हे पुन्हा एकदा मनात आणा. नवरीनं मान वर करून अट घालायची, आणि ती अट हाच लग्नाचा विधी! आमच्या मते लग्नाचा गाभा इथं आहे. बाकी हळद असो, बट्टी असो, बँड असो, ज्याची जशी हौस.

[दृश्य : पाकळ्या उधळणारी मुलं, वरण-बट्टी आणि गंगाफळाच्या भाजीची पंगत]

अक्षतांना तांदूळ नाहीत, फुलांच्या पाकळ्या आहेत. नवरदेवाचे थोरले काका या लग्नाला आले नाहीत, दोन्ही घरांचं येणं-जाणं तूर्त बंद आहे.

[दृश्य : सातपुड्याचे डोंगर, ड्रोनमधून]

लग्नाची व्याख्या एकच आणि ती शास्त्रात दिलेली, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी लग्नसराईत तापीच्या दोन्ही काठांना एकदा फिरून यावं. धडगावकडच्या पावरा आदिवासींच्या पाड्यांवर देज, म्हणजे वधूमूल्य, मुलाकडचे देतात, आणि किती द्यायचं ते पंच बसून ठरवतात. 1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागूच होत नाही, त्यांची रूढी हाच त्यांचा कायदा. यावल-रावेरच्या तडवी मुसलमान घरांत निकाह होतो. तो करार आहे. मेहर, म्हणजे नवऱ्यानं नवरीला द्यायची रक्कम, ठरते, साक्षीदार बसतात, आणि मुलीच्या कबुलीशिवाय पुढं सरकता येत नाही. नवापूरकडे चर्चमध्ये 1872 च्या ख्रिश्चन विवाह कायद्यानं लग्नं लागतात.

यातलं कुठलं लग्न खोटं म्हणायचं?

[दृश्य : तहसील कचेरीबाहेरची गर्दी, कायद्याच्या पुस्तकाची पानं]

हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की वर किंवा वधू, दोघांपैकी कोणाच्याही रूढीतल्या विधींनी लग्न लागू शकतं. सप्तपदी ज्यांच्या रूढीत आहे, त्यांचं लग्न सातव्या पावलाला पूर्ण होतं. 2024 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की विधी न करता नुसती नोंदणी केली, तर त्या कायद्याखाली लग्न झालं असं होत नाही. म्हणजे विधीला वजन आहे, आणि ते असावंच. प्रश्न आहे तो विधी कोणाच्या हातात असावा हा. तामिळनाडूनं 1967 साली कायद्यात दुरुस्ती करून पुरोहिताविना लागलेल्या स्वाभिमान विवाहांना थेट मान्यता दिली. फुल्यांच्या महाराष्ट्रात तसं कलम अजून नाही. ते व्हायला हवं, हे आम्ही या चित्रफितीतून उघडपणे मागतोय.

[दृश्य : ग्रामपंचायत कार्यालय, टेबलावर अर्ज]

गावात विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक, आताच्या नावानं ग्रामपंचायत अधिकारी. अर्जावर नवरानवरीच्या सह्या झाल्या, तीन साक्षीदारांच्या झाल्या. खाली पुरोहिताचा रकाना आहे. ग्रामसेवक वर बघतो. लग्न लावणाऱ्या निवृत्त शिक्षिका पुढं होतात, स्वतःचं नाव-पत्ता लिहितात आणि सही करतात.

[दृश्य : शिक्षिकेच्या घराचा ओटा, दोन पाहुणे]

शेजारच्या गावातून आणखी एक कुटुंब बाईंकडे आलंय. नवरीच्या बापाला पंचांगातला मुहूर्त हवाच आहे, नवरीला शपथ हवी आहे. बाई म्हणाल्या, ‘मुहूर्त तुम्ही काढा, शपथेचे कागद मी मुलीला आजच देते. पाठ करायला वेळ लागतो.’