सुतळीने बांधलेला पाय

[दृश्य : पुणे, मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार. रविवार सकाळ.]

निवेदन :

हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जमिनीवर ताडपत्री, ताडपत्रीवर पान्हे, पितळी बिजागऱ्या, बंद पडलेली घड्याळं, जोडीदार हरवलेले बूट. मी जुनं फर्निचर दुरुस्त करून विकते, आणि ते इथे धड अवस्थेत क्वचितच येतं. हे लिहायचं टेबलच बघा. तीन पाय जागेवर आहेत, चौथा सुतळीने टेबलालाच बांधलाय. दोन खणांपैकी एक गायब. वर चहाच्या कपांची पांढरी वर्तुळं.

"दीडशे वर्षांचं आहे, मॅडम. साहेबाच्या बंगल्यातलं."

कुठला साहेब, कुठला बंगला, हे विचारायचं नसतं. मी खाली वाकते आणि स्क्रू बघते. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू बाजारात आला तो १९३० च्या दशकात. तो मूळ जागेवर दिसला की दीडशे वर्षं तिथेच संपतात. या टेबलाच्या कुलपाला एका खाचेचे स्क्रू आहेत. अर्थात ते आजही मिळतात, म्हणून उरलेला खण बाहेर काढून उलटा करायचा आणि तळावरून हात फिरवायचा. रंध्याच्या उथळ लाटा बोटांना लागतात. म्हणजे काम हातचं. लाकूड सागवान. दीडशे नाही, पण साठ-सत्तर वर्षं मी देईन.

शंभर वर्षांच्या पुढचं असतं तर निराळाच विचार करावा लागला असता. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून माझ्या पाटीवर 'अँटिक' हा शब्द नाही.

साडेतीन हजारांत सौदा ठरला. टेम्पोचे सहाशे.

[दृश्य : पत्र्याची शेड. भुसा, उन्हाचा एक पट्टा, भिंतीला टेकलेल्या फळ्या.]

आमचे सुतारकाका कोकणातले. 'होईल ना?' असं विचारलं की ते कधीच 'होईल' म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात. आणि मग खरंच बघत बसतात. अर्धा तास, कधी पाऊण. बोटाच्या पेराने लाकूड ठोकतात, कान लावतात. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मी नोकरी सोडून हे काम सुरू केलं होतं आणि सगळे मला 'पॉझिटिव्ह राहा' सांगत होते. शेडमध्ये एकच माणूस होता, तो 'बघू' म्हणायचा.

त्या बघण्यात काय असतं, ते कळायला मला दोन वर्षं लागली. मोडलेलं काय, हे सगळ्यांनाच दिसतं. काका शाबूत काय ते मोजत असतात.

[दृश्य : टेबलाचा सुटलेला पाय. जवळून.]

पायाच्या टोकाला हा तपकिरी, काचेसारखा थर दिसतोय, तो सरस आहे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना गोंद. फेव्हिकॉल १९५९ मध्ये आलं. त्याआधी सुतारकाम याच्यावरच चालायचं, चुलीवर डबा ठेवून, वास सहन करत. सरसाचा एक दोष सगळे सांगतात, गरम पाण्याने तो सुटतो. काकांच्या मते तोच त्याचा गुण. गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, थोडा वेळ थांबलं की जुना सांधा अलगद उघडतो. लाकूड फाटत नाही. साफ करायचं, पुन्हा सरस लावायचा, बसवायचं.

वरच्या पॉलिशचंही तेच. हा स्पिरिटचा बोळा. कोपऱ्यात घासला की चिकट होतं, म्हणजे लाखेचं पॉलिश. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या एका किड्याची ही लाख. वाळलेली लाख कितीही वर्षांनी स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. ही पांढरी वर्तुळं दिसतात ना, ती गरम कपाखाली पॉलिशमध्ये शिरलेल्या ओलाव्याची. खाली लाकडाला बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. वरचा थर स्पिरिटने जागा केला, लाखेचा पातळ हात दिला की वर्तुळ जातं. सगळं खरवडून काढायची गरज नाही.

भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं टेबल एका पावसाळ्यात फुगलं की संपलं. त्याला उघडायची जागाच नाही. आमच्या टेबलाचा सुतार मला माहीत नाही, त्याचं नाव कुठेही नाही. पण त्याने सांधा सुटेल असा केला, पॉलिश विरघळेल असं दिलं. त्याच्याकडे दुसरं साहित्य नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी पाय हातात घेतला की वाटतं, आपल्यानंतर कुणीतरी हे दुरुस्त करेल, असं त्याने धरूनच चाललं होतं.

[दृश्य : शेडचा मागचा कोपरा. पांढऱ्या रंगाचं छोटं टेबल.]

आणि हे माझं कर्तृत्व. पहिल्या वर्षी शिसवी लाकडाचं टेबल मिळालं होतं. तेव्हा फोनवर सगळीकडे पांढरं फर्निचर दिसायचं. मी मशीनने घासलं, पांढरा रंग दिला. काका त्या दिवशी जेवायला घरी गेले ते संध्याकाळीच परत आले. टेबल आजवर विकलं गेलेलं नाही. विकायचंही नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर एक काळजीची गोष्ट. घरगुती रंगातल्या शिसे या विषारी धातूवर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्याआधीचा जुना ऑइलपेंट कोरडा घासायचा नाही. पाणी मारून घासायचा, तोंडाला मास्क, आणि पोरांना शेडबाहेर.

[दृश्य : टिंबर मार्केट, भवानी पेठ. उतरवलेल्या वाड्याचे वासे.]

हरवलेल्या खणासाठी फळी हवी होती. पेठांतले वाडे उतरतात तेव्हा तुळया, चौकटी, लाकडी छताचा कडीपाट इथे येतो. ज्या कडीपाटाखाली एखाद्या घराच्या चार पिढ्या झोपल्या, त्याचा इथे घनफुटावर भाव होतो. मला इथे दर वेळी थोडं अपराधी वाटतं. काकांना वाटत नाही. ते फळीचा कडेचा फिकट भाग नखाने दाबतात, कारण वाळवी आधी तिथे लागते; सागाच्या गाभ्याच्या वाटेला ती सहसा जात नाही. भुंग्याची भोकं असतील तर फळी शेडमध्ये काळ्या कागदावर रात्रभर ठेवतात. सकाळी कागदावर पिवळसर पूड पडली, तर भुंगा अजून आत आहे.

या वेळी कागद स्वच्छ होता.

[दृश्य : जुलै. पत्र्यावर पाऊस.]

टेबल अर्धवट असतानाच पाऊस लागला. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, काम थांबवावं लागतं. पहिल्या पावसाळ्यात मी अक्षरशः रडले होते. हातात काम नाही, भाडं चालू. मग काकांनीच दाखवलं, की वेत भिजवल्याशिवाय विणता येत नाही. कोरडा वेत तडकतो. तेव्हापासून जुलै-ऑगस्ट आम्ही खुर्च्या विणतो. आरामखुर्च्या, इराणी हॉटेलांतून निघालेल्या वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या. या घडणीची मूळ खुर्ची थोनेट कंपनीने १८५९ मध्ये केली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. तुकडे सुटे करून एका घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या मावायच्या. म्हणजे ही खुर्चीसुद्धा उघडते.

वेताची खुर्ची मोडली की लोक माळ्यावर टाकतात. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांनी वास्तुरचनाकार पियेर जानेरे यांच्या साग-वेताच्या खुर्च्या भंगारात काढल्या, आणि त्याच पुढे युरोपातल्या लिलावांत लाखो रुपयांना गेल्या. अखेर २०११ मध्ये केंद्र सरकारला त्यांची विक्री थांबवायला सांगावं लागलं. माझ्या खुर्च्या लाखाला जात नाहीत, हे आधीच सांगते.

[दृश्य : टेबल तयार. खिडकीतून ऊन.]

हिशोब असा. टेबल साडेतीन हजार, टेम्पो सहाशे. काकांचे सहा दिवस, दिवसाला अकराशे, म्हणजे ६,६००. फळी, लाख, स्पिरिट, काचपेपर, कुलपाची नवी किल्ली मिळून १,४००. झाले १२,१००. किंमत लावली १४,५००. त्यातून राहिलेल्या २,४०० मध्ये शेडचं भाडं, वीज आणि मी.

"जुन्याचे एवढे?" हा प्रश्न आठवड्यातून तीनदा येतो. मी वाद घालत नाही, खण उलटा करून दाखवते. टेबलाला एक चिठ्ठी बांधलेली असते. डावा खण नवा, लाकूड जुन्या कडीपाटाचं. मागचा उजवा पाय पुन्हा बसवलेला. चिठ्ठी वाचून काही गिऱ्हाईकं परत जातात.

हे दोघं गेले नाहीत. दोघंही घरून काम करतात, फ्लॅट लहान, टेबल एकच. तिने खण ओढून बघितला, पुन्हा ढकलला, पुन्हा ओढला.

टेम्पोत टेबल चढलं. काकांनी दोरी आवळली, सवयीने चौथा पाय एकदा हलवून बघितला, आणि खाली उतरून त्या दोघांना म्हणाले,

"गरम कप डायरेक्ट ठेवू नका. आणि ठेवलाच, तर घासत बसू नका. मला फोन करा."