वर्डचे मॅक्रो दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचे कसे? नॉर्मल सोडा, स्वतःची फाइल करा

नमस्कार मंडळी.

नाशिकमध्ये सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या आसपास टायपिंगची कामं चालतात, ती कधी लक्ष देऊन बघा. खरेदीखत, साठेखत, हक्कसोडपत्र, प्रतिज्ञापत्र. साचा ठरलेला असतो. बदलतात ती नावं, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा. असं काम दिवसभर करणारा माणूस कधी ना कधी वर्डमध्ये मॅक्रो, म्हणजे ओळीने करायच्या कामांची नोंद, रेकॉर्ड करतो. एक बटण दाबलं की समास बसतात, फॉन्ट लागतो, परिच्छेदांना क्रमांक पडतात. मग विंडोज नव्याने टाकावं लागतं किंवा शेजारच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर येतो, आणि ते मॅक्रो तिथे नसतात. इतकी वर्षं घडवलेलं काम असं जाऊ नये, म्हणून हा व्हिडिओ.

आधी मॅक्रो राहतो कुठे ते बघू.

(स्क्रीनवर: मॅक्रो रेकॉर्ड करायची खिडकी)

रेकॉर्ड करताना 'स्टोअर मॅक्रो इन' असं विचारतात, तिथे आपण काही बदलत नाही. तिथे आधीपासून असतं 'ऑल डॉक्युमेंट्स', म्हणजे नॉर्मल डॉट डीओटीएम ही फाइल. वर्ड २००७ पासून तिचं हे नाव आहे. रेकॉर्ड केलेला प्रत्येक मॅक्रो या फाइलमध्ये 'न्यू मॅक्रोज' नावाच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या कप्प्यात, जाऊन बसतो. तुमचा पहिला मॅक्रो तिथेच, पन्नासावाही तिथेच.

आता लोक करतात काय, तर ही नॉर्मल फाइल पेन ड्राइव्हवर घेतात आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या नॉर्मलवर टाकतात. हे कृपा करून करू नका. त्या माणसाचे स्वतःचे मॅक्रो, शॉर्टकट, त्याने बसवलेला फॉन्ट, सगळं त्या क्षणी पुसलं जातं. शिवाय वर्ड नीट उघडेनासं झालं की दुरुस्त करणारा पहिला उपाय म्हणून याच फाइलचं नाव बदलतो. वर्ड मग नवी कोरी नॉर्मल तयार करतं आणि तुमच्या यादीतून मॅक्रो नाहीसे होतात. जुनी फाइल त्या फोल्डरमध्ये पडून असते, पण ते सांगायला कोणी नसतं.

ऑर्गनायझर नावाची सोय वर्डमध्ये आहे. आल्ट आणि एफ ८ दाबा, खिडकीत ऑर्गनायझरचं बटण दिसेल. डावीकडे एक फाइल, उजवीकडे दुसरी, मध्ये कॉपी. मात्र इथे एकेक मॅक्रो उचलता येत नाही, अख्खं मॉड्यूल उचलावं लागतं. आणि समोरच्या फाइलमध्येही 'न्यू मॅक्रोज' असेल तर एकाच नावाची दोन मॉड्यूल्स राहू शकत नाहीत, त्यामुळे कॉपी होत नाही. आधी रीनेम करा, मग कॉपी.

माझं मत स्पष्ट आहे. कामाचे मॅक्रो नॉर्मलमध्ये ठेवूच नयेत. नॉर्मल ही त्या कॉम्प्युटरची खासगी फाइल. कामाची फाइल वेगळी हवी.

(स्क्रीनवर: फाइल, सेव्ह ॲज)

नवीन कोरं डॉक्युमेंट उघडा. सेव्ह ॲजमध्ये प्रकार निवडा 'वर्ड मॅक्रो-एनेबल्ड टेम्प्लेट', म्हणजे मॅक्रो सांभाळणारी साच्याची फाइल. साध्या डॉक्स फाइलमध्ये मॅक्रो राहत नाहीत, त्यामुळे प्रकार नीट बघा. हा प्रकार निवडल्यावर वर्ड फोल्डर आपोआप बदलतं, तेही बघून घ्या, नाहीतर फाइल गेली कुठे म्हणून शोधत बसाल. नाव द्या, समजा 'दस्तऐवज'.

ही फाइल उघडी असताना आल्ट आणि एफ ११ दाबा, मॅक्रोचा कोड एडिटर उघडेल. डावीकडच्या यादीत नॉर्मल दिसेल आणि तुमची नवी फाइल दिसेल. नॉर्मलमधलं मॉड्यूल माउसने धरा आणि नव्या फाइलवर सोडा. त्याची प्रत तिकडे तयार होते. मग एफ ४ दाबून मॉड्यूलचं नाव बदला आणि कामाप्रमाणे वेगळी मॉड्यूल्स करा. पानाच्या मांडणीचे मॅक्रो एकात, आकड्यांचे दुसऱ्यात, छपाईचे तिसऱ्यात. नावं इंग्रजीत द्यावी लागतील, पण अर्थाची द्या. 'मॅक्रो १७' काय करतो हे दोन महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही.

प्रत तपासून झाली की नॉर्मलमधलं मूळ मॉड्यूल काढून टाका. एकाच नावाचा मॅक्रो दोन्हीकडे असेल तर वर्ड नॉर्मलमधला आधी धरतं. तुम्ही नव्या फाइलमध्ये सुधारणा करत राहाल आणि चालेल मात्र जुनाच.

आता वर्ड बंद करा. विंडोजचं बटण आणि आर दाबा, आणि स्क्रीनवर दिसतंय तो पत्ता टाका: ॲपडेटा, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात वर्ड, त्यात स्टार्टअप. या फोल्डरमध्ये आपली फाइल ठेवा. यापुढे वर्ड उघडलं की ती आपोआप मागे लागून येईल. हा फोल्डर वर्डला मुळातच विश्वासाचा असतो, त्यामुळे इथल्या मॅक्रोंना दर वेळी परवानगी विचारली जात नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचं म्हणजे ही एक फाइल त्याच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकायची. संपलं. त्याची नॉर्मल तशीच राहते.

पुढे या फाइलमध्ये बदल करायचा असेल तर तिच्यावर डबल क्लिक करू नका. टेम्प्लेटवर डबल क्लिक केलं की त्यावरून नवं डॉक्युमेंट उघडतं. उजवं क्लिक करून 'ओपन' म्हणा.

शॉर्टकटबद्दल सांगतो, कारण मॉड्यूल गेलं तरी शॉर्टकट त्याच्याबरोबर जात नाहीत. आपली टेम्प्लेट फाइल उघडी ठेवून कीबोर्ड कस्टमाइझच्या खिडकीत जा. तिथे 'सेव्ह चेंजेस इन' आहे. तिथे नॉर्मलऐवजी आपली फाइल निवडून मगच की द्या. वरच्या छोट्या टूलबारचंही तसंच, 'फॉर ऑल डॉक्युमेंट्स' न ठेवता आपली फाइल निवडायची. मग बटणं आणि शॉर्टकट फाइलबरोबर फिरतात.

आता मराठीत काम करणाऱ्यांची खरी अडचण. कोड लिहायच्या त्या खिडकीत तुम्ही देवनागरी मजकूर पेस्ट केलात तर तिथे नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. वर्ड स्वतः युनिकोड नीट दाखवतं, त्याचा हा कोड एडिटर मात्र दाखवत नाही. म्हणून खूप जण मराठी मॅक्रोचा नादच सोडतात. सोडू नका, दोन वाटा आहेत.

पहिली वाट अक्षराच्या क्रमांकाची. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. इंग्रजी शून्य ४८, मराठी शून्य २४०६. नवापर्यंत दोन्हीकडचे क्रमांक ओळीने पुढे जातात. त्यामुळे क्रमांकावरून अक्षर देणारं 'चर डब्ल्यू' (ChrW) हे फंक्शन वापरून शून्य ते नऊ अशी एकच फेरी लिहायची, ४८ अधिक फेरीचा अंक शोधायचा आणि २४०६ अधिक तोच अंक त्याजागी ठेवायचा. सगळा मॅक्रो चार-पाच ओळींचा होतो आणि त्यात एकही देवनागरी अक्षर लिहावं लागत नाही. गट नंबर, क्षेत्र, रक्कम, सगळे आकडे मराठीत. मात्र तो निवडलेल्या मजकुरापुरताच चालेल असा लिहा. नाहीतर मोबाइल नंबर आणि ईमेल पत्त्यातले आकडेही मराठीत होऊन बसतील.

दुसरी वाट मला जास्त आवडते. ठरलेला लांब मजकूर, म्हणजे चतुःसीमेचा साचा किंवा सत्यापनाचा परिच्छेद, कोडमध्ये घालायचाच नाही. आपली टेम्प्लेट फाइल उघडा, त्यात मजकूर टाइप करा, निवडा आणि आल्ट, एफ ३ दाबा. गॅलरी ऑटोटेक्स्ट, 'सेव्ह इन'मध्ये आपली फाइल, आणि छोटंसं नाव. नंतर कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये ते नाव टाइप करून एफ ३ दाबलं की पूर्ण परिच्छेद येतो, ठळक अक्षरांसकट. प्रश्नचिन्हाचा प्रश्नच येत नाही. ज्या कामासाठी लोक मॅक्रो मागतात त्यातलं बरंचसं एवढ्यानेच भागतं. आणि हेही त्याच फाइलमधून प्रवास करतं.

ऑफिसात चार-पाच कॉम्प्युटर असतील, वकिलांचं कार्यालय असो किंवा पिंपळगाव-दिंडोरीकडचं द्राक्ष निर्यातीचं, तर सगळ्यांना सर्व्हरवरच्या एकाच फाइलवर जोडू नका. वर्ड उघडं असेपर्यंत ती फाइल वापरात अडकते आणि तुम्हाला सुधारणा चढवता येत नाही. मूळ फाइल सर्व्हरवर ठेवा, बदल एकानेच करायचा. बाकीच्यांच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये सकाळी कॉम्प्युटर सुरू होताना तिची ताजी प्रत जाईल अशी छोटी बॅच फाइल, म्हणजे विंडोजला द्यायच्या आज्ञांची मजकूर फाइल, लावा. ऑफिसात कोणालाही ती जमेल.

वर्डऐवजी लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे देवनागरी कोडमध्ये सरळ लिहिता येते, हे मोठं सुख. 'माय मॅक्रोज'खाली 'स्टँडर्ड'मध्ये न लिहिता स्वतःची लायब्ररी करा. ऑर्गनायझरमधून ती एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायची फाइल, म्हणून एक्स्पोर्ट होते आणि दुसरीकडे एक्स्टेन्शनसारखीच बसते. वर्डचे मॅक्रो मात्र तिथे जसेच्या तसे चालतील असं धरून चालू नका. मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या वर्डमध्ये तर ते चालतच नाहीत.

आता शेवटचं, आणि याकडे काणाडोळा करू नका. मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. तो नॉर्मल फाइलमध्ये शिरायचा आणि आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. अशाच धोक्यांमुळे इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून सरसकट अडवायला सुरुवात केली. फाइल खरोखर तुमच्या माणसाची असेल तर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, 'अनब्लॉक'. पण कोणीतरी ग्रुपवर टाकलेली फाइल थेट स्टार्टअपमध्ये ठेवू नका, तिथे परवानगी विचारली जात नाही हे आत्ताच सांगितलं. त्याऐवजी पाठवणाऱ्याकडून मॉड्यूल एक्स्पोर्ट करून मागा. कोड एडिटरमध्ये मॉड्यूल निवडून कंट्रोल आणि ई दाबलं की बीएएस फाइल तयार होते. ती साधा मजकूर असते, नोटपॅडमध्ये उघडते. त्यात 'शेल' (Shell), 'क्रिएट ऑब्जेक्ट' (CreateObject) किंवा 'ऑटो ओपन' (AutoOpen) असे शब्द शोधा. समास बसवणाऱ्या मॅक्रोत यांचं काही काम नसतं, तेव्हा ते दिसले तर आधी पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, आणि पटलं तरच कंट्रोल आणि एम दाबून मॉड्यूल आपल्या फाइलमध्ये घ्या.