मर्जी कुणाची? राणी, गव्हर्नर जनरल आणि स्वतंत्र झालेले देश

हे नाणं आधी सगळ्यांत फिरवा, हातात घेऊन बघा, घाई नाही. ऑस्ट्रेलियाचा एक डॉलर आहे. माझा भाचा मेलबर्नला असतो, मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने खिशातून काढून दिला. आपल्या पाचच्या पिवळ्या नाण्यासारखा रंग, एका बाजूला पाच कांगारू, आणि उलटं केलंत की एलिझाबेथ राणी, उजवीकडे बघतेय. माझ्या आजीकडे पण राणीछाप रुपया होता, चांदीचा, व्हिक्टोरियाचा. वर्षभर कपाटात फडक्यात गुंडाळलेला असायचा आणि लक्ष्मीपूजनाला बाहेर निघायचा, आजी तो दुधाने धुवायची, हळदकुंकू वाहायची. आजीला राणीचं काही पडलेलं नव्हतं, तिला चांदी महत्त्वाची. पण मेलबर्नच्या माणसाच्या खिशातली राणी ही जुनी आठवण नाही, ती त्यांच्या कायद्यात आहे. आता तिथे चार्ल्स आलाय, पण मुद्दा तोच.

आज असे १५ देश आहेत ज्यांचा राजा चार्ल्स आहे. ब्रिटन धरून १५. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड ही मोठी नावं आपल्याला माहीत असतात, पण जमैका आहे, बेलीझ आहे, पापुआ न्यू गिनी आहे, तुवालूसारखा चिमुकला बेटांचा देश आहे. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, की हे देश ब्रिटनच्या ताब्यात वगैरे अजिबात नाहीत. १९३१ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यानंतर हळूहळू असं ठरत गेलं की माणूस एक पण राजपदं वेगवेगळी, म्हणजे कॅनडाचा राजा म्हणून तो कॅनडाच्या मंत्र्यांचा सल्ला ऐकतो, लंडनच्या नाही. तो स्वतः तिथे राहत नाही, त्याच्या जागी गव्हर्नर जनरल असतो, आणि तोही त्याच देशातला, बहुतेक ठिकाणी त्याच देशाच्या पंतप्रधानाने सुचवलेला. मग लोक म्हणतात अहो सगळं शोभेचं तर आहे, रिबिनी कापायच्या, भाषण वाचायचं, कुणाचं काय बिघडतंय.

मला आज बोलायचंय ते यावरच. इंग्रजी कायद्यात एक शब्द आहे, प्लेझर. मंत्री, अधिकारी हे राजाच्या प्लेझरवर पदावर असतात. आपल्या राज्यघटनेच्या मराठी प्रतीत त्याला शब्द आहे मर्जी. मला तो फार आवडतो कारण मराठी माणसाला तो लगेच कळतो, मर्जीतला माणूस, मर्जी राखणं, मर्जी फिरली. राजा गेला की राहिला यापेक्षा ही मर्जी कुठे जाऊन बसली ते बघायला पाहिजे असं मला खूप वर्षांपासून वाटतंय.

ऑस्ट्रेलियाचंच घ्या. ११ नोव्हेंबर १९७५. गॉफ व्हिटलम पंतप्रधान, त्यांच्या लेबर पक्षाला २३ वर्षांनी सत्ता मिळाली होती. खालच्या सभागृहात बहुमत आहे पण वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, विरोधी पक्षाने ऑक्टोबरपासून बजेट अडवून धरलंय, सरकारचे पैसे संपत चाललेत. दुपारी एकच्या सुमाराला व्हिटलम गव्हर्नर जनरल जॉन केर यांच्या बंगल्यावर गेले, अर्ध्या सिनेटची निवडणूक घ्या असा सल्ला द्यायला. केरना ह्या पदावर बसवलं ते व्हिटलमनीच बरं का, अगदी आदल्या वर्षी. केरनी त्यांच्या हातात बडतर्फीचं पत्र दिलं. आणि विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर त्याच बंगल्यात दुसऱ्या खोलीत बसलेले! त्यांची गाडी दिसू नये म्हणून बाजूला लावलेली. थोड्याच वेळात फ्रेझरना पंतप्रधान म्हणून शपथ. इकडे लेबरच्या सिनेटर्सना अजून पत्ताच नाही, त्यांनी दोनच्या पुढे बजेट मंजूर करून घेतलं, आपण जिंकलो असं समजून. मग खालच्या सभागृहाने नव्या पंतप्रधानावर अविश्वास ठराव केला, चक्क बहुमताने, आणि तो ठराव घेऊन सभापती केरकडे निघाले तर त्यांना पावणेपाचची वेळ दिली. पावणेपाचला केरचा सेक्रेटरी संसदेच्या पायऱ्यांवर उभा राहून संसद बरखास्त झाल्याची घोषणा वाचत होता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही, खरंच सांगतो. निवडून आलेलं सभागृह सांगतंय आमचा ह्या माणसावर विश्वास नाही, आणि ऐकायला कुणी नाही. पुढच्या महिन्यात निवडणूक झाली त्यात व्हिटलम सपाटून हरले हेही खरंय, ते लपवायचं कारण नाही. पण निवडणुकीत हरणं वेगळं आणि एका माणसाच्या मर्जीने जाणं वेगळं. सभापतींनी राणीला पत्र लिहिलं, उत्तर आलं की हे अधिकार गव्हर्नर जनरलचे आहेत, राणीने यात पडणं योग्य नाही. म्हणजे अधिकार राणीच्या नावाचा, पण विचारायला गेलं तर राणी म्हणणार माझं काही नाही. केर आणि राजवाडा यांच्यातली पत्रं कित्येक वर्षं खाजगी म्हणून बंद होती, जेनी हॉकिंग नावाच्या इतिहासकार बाईंनी कोर्टात लढून ती २०२० मध्ये उघडी करायला लावली. त्यात केरनी लिहिलंय की राजवाड्याला आधी न कळवता मी हे केलं. पण त्याच पत्रांत हेही दिसतं की पंतप्रधानाला काढता येतं का, पंतप्रधानच मला काढायला राणीला सांगतील का, यावर त्यांचं राजवाड्याशी आधीपासून लिहिणं चालू होतं. एकमेकांना काढायची ताकद दोघांकडे, पहिला हात कोण उचलतो एवढाच प्रश्न होता.

आता आपल्या शेजारी या, कारण हे तिथे २०-२२ वर्षं आधीच घडून गेलं होतं आणि आपण त्याकडे कधी राजाच्या अंगाने बघतच नाही. पाकिस्तान १९५६ पर्यंत डोमिनियन होता, म्हणजे स्वतंत्र, पण राजा ब्रिटनचाच. राजा जॉर्ज, नंतर एलिझाबेथ, ही कागदोपत्री पाकिस्तानची राणी. १९५३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांना काढून टाकलं. घटना समितीने त्यातून धडा घेऊन १९५४ मध्ये गव्हर्नर जनरलचे हे अधिकारच कापले, तर त्यांनी २४ ऑक्टोबरला घटना समितीच बरखास्त केली. समितीचे अध्यक्ष तमीझुद्दीन खान सिंधच्या कोर्टात गेले आणि जिंकले. मग केस फेडरल कोर्टात, म्हणजे तिथल्या सगळ्यांत वरच्या कोर्टात गेली आणि न्यायमूर्ती मुनीर यांनी ती फिरवली, कशाच्या आधारावर ऐका, की ज्या कलमाखाली तुम्ही कोर्टात आलात त्या कायद्याला गव्हर्नर जनरलची संमती घेतलेली नव्हती, आणि डोमिनियनमध्ये राजाच्या प्रतिनिधीच्या संमतीशिवाय कायदा होत नाही. एकट्या न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांनी विरोधात निकाल लिहिला. स्वतंत्र देशाची घटना समिती घरी पाठवायला लंडनहून कुणाला यावं लागलं नाही, राजाच्या संमतीचा मुद्दा पुरला. १९५६ ला पाकिस्तान प्रजासत्ताक झाला, राणी गेली, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष कोण? शेवटचे गव्हर्नर जनरल इस्कंदर मिर्झा. अडीच वर्षांत त्यांनीच घटना रद्द करून मार्शल लॉ आणला.

आणि हे एकट्या पाकिस्तानात नाही झालं. श्रीलंका १९७२, शेवटचे गव्हर्नर जनरल विल्यम गोपल्लवा पहिले राष्ट्राध्यक्ष. त्रिनिदाद १९७६, एलिस क्लार्क, तसंच. मॉरिशस १९९२, वीरासामी रिंगाडू, तसंच. बार्बाडोस २०२१, सँड्रा मेसन, तसंच. ही माणसं वाईट होती असं मी म्हणत नाहीये, बऱ्याच जणांनी चांगलं काम केलं. पण खुर्ची तीच, माणूस तोच, फक्त दारावरची पाटी बदलली.

बार्बाडोस प्रजासत्ताक झाला तो कार्यक्रम मी पूर्ण बघितला, मध्यरात्रीचा, आणि माझे डोळे भरून आले. त्यांच्या राजधानीत, ब्रिजटाऊनमध्ये, ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याचा पुतळा १८१३ पासून उभा होता, लंडनमधल्या त्याच्या उंच खांबाच्याही आधीपासून, तो त्यांनी आदल्या वर्षी उतरवला होता. समोर गारफिल्ड सोबर्स बसलेले, राजपुत्र चार्ल्स बसलेला, आणि त्याने गुलामगिरीचा डाग आमच्या इतिहासावर कायमचा आहे हे स्वतःच्या तोंडाने म्हटलं. ज्यांच्या पूर्वजांना ऊस तोडायला साखळीत आणलं त्यांनी राणीचा झेंडा उतरताना बघणं ही लहान गोष्ट नाही.

पण मग न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी याच्याकडे कसं बघतात तेही ऐकायला हवं. १८४० चा वैतांगीचा करार माओरी सरदारांनी केला तो राणीशी, व्हिक्टोरियाशी. जमिनी हिसकावल्या गेल्या तेव्हा ते सांगायचे, आमचा शब्द राणीशी झालाय. १९९५ मध्ये वायकाटोच्या माओरींची जमीन हिसकावल्याबद्दल माफी मागणाऱ्या कायद्यावर एलिझाबेथने वेलिंग्टनमध्ये स्वतः सही केली, एरवी ती सही गव्हर्नर जनरल करतो. ज्यांच्याकडे त्या कराराशिवाय फारसं काही उरलेलं नाही त्यांना तुम्ही सहज सांगू शकत नाही की राजा काढा. मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही.

आपण काय केलं? १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० आपणही डोमिनियन होतो. मग राजाला पूर्ण बाजूला केलं, राष्ट्रपती नवीन आणले, शेवटचे गव्हर्नर जनरल राजाजींना तिथेच पुढे बसवलं नाही. राष्ट्रकुलात राहायचं म्हणून लंडनला १९४९ च्या एप्रिलमध्ये एक मधला मार्ग काढला, राजा हा नुसता राष्ट्रकुलाचा प्रमुख, आमचा राजा नाही. इथपर्यंत फार छान. पण राज्यपालाची खुर्ची? घटना समितीने आधी ठरवलं होतं की राज्यपाल लोकांनी निवडून द्यायचा, १९४९ मध्ये ते बदललं आणि नेमणुकीवर आलो, आणि कलम १५६ मध्ये तो शब्द येऊन बसला, राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत. राष्ट्रपतींची मर्जी म्हणजे दिल्लीतल्या मंत्रिमंडळाची. महाराष्ट्रात २०२२ च्या जूनमध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश दिला, तो बरोबर नव्हता असं सुप्रीम कोर्टाने ११ मे २०२३ ला सांगितलं, पण तोवर मुख्यमंत्री राजीनामा देऊन मोकळे झालेले, त्यामुळे सरकार परत आणता येत नाही असं कोर्टच म्हणालं. तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, मला त्यात पडायचं नाही, पण कॅनबेराचे ते पावणेपाच आठवतात की नाही सांगा.

मागून प्रश्न आलाय की ऑस्ट्रेलियाने मग १९९९ ला राणी का नाही काढली. सार्वमतात जवळजवळ ५५ टक्के लोक नको म्हणाले, एकाही राज्यात बहुमत मिळालं नाही. पण नको म्हणणारे सगळे राणीचे भक्त नव्हते हो, राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडायचा असा प्रस्ताव होता आणि अनेकांना तो स्वतः निवडायचा होता. म्हणजे त्यांनाही पडलेला प्रश्न मर्जी कुणाकडे द्यायची हाच होता, आणि ती लिहून, बांधून द्यायची का हा. विधेयकावर किती दिवसांत सही करायची, बहुमत कुठे मोजायचं, कुणाला विचारल्याशिवाय सरकार काढता येणार नाही, हे शब्दात उतरवा असं मी प्रत्येक ठिकाणी सांगतो, संकेत म्हणून सोडून देऊ नका.

दुसरा प्रश्न मॉरिशसचा, यांचे नातेवाईक तिथे आहेत. आपली कोकणातली माणसं १९व्या शतकात तिकडे गेली, आजही मराठी जपून आहेत. १२ मार्च त्यांचा स्वातंत्र्यदिनही आणि प्रजासत्ताक दिनही, १९६८ आणि १९९२. पण शेवटचं अपील अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्येच जातं, तिथल्या एखाद्या मराठी घराचा जमिनीचा वाद तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत लढून संपला नाही तर त्यावर शेवटचा शब्द लंडनमध्ये बसलेल्या न्यायाधीशांचा असू शकतो, प्रजासत्ताक होऊन इतकी वर्षं झाली तरी. बार्बाडोसने हे उलट्या क्रमाने केलं, २००५ मध्ये आधी आपलं अपील लंडनहून काढून कॅरिबियन कोर्टाकडे आणलं, आणि राणी त्यानंतर १६ वर्षांनी.