तलावातली रोवणी

(दृश्य: पहिला जोरदार पाऊस पडून गेलेला. गुडघाभर पाण्यात बायकांची रांग. निवेदन लगेच सुरू करू नये, पाण्याचा आवाज ऐकू द्यावा.)

लांबून पाहिलं तर धानाची रोवणी चालली आहे असंच वाटतं. कंबरेत वाकलेली रांग, वर खोचलेलं लुगडं, डाव्या हातात जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात. पण ही बांधी, म्हणजे धानाचं शेत, नव्हे, गावचा तलाव आहे. आणि जुडीत धानाचे परे, म्हणजे रोपं, नाहीत, पाण्याखाली वाढणारं गवत आहे.

(जवळून: एका हाताची बोटं. मुळं चिखलात दाबली जातात, बोटं वर येतात, गढूळ पाणी हळूहळू निवळतं.)

मुळं अंगठ्यानं खाली दाबायची, मग दोन बोटांनी भोवतीचा चिखल ओढून घ्यायचा. सैल राहिली तर संध्याकाळपर्यंत जुडी तरंगत काठाला लागते. या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत रोजानं रोवणी केलेले हात आहेत हे. फरक इतकाच, की आज त्या आपल्या तलावात रोवतायत.

(दृश्य: तलाव वरून. पाळ, पाळीमागे धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल.)

गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. भंडाऱ्याची ओळख तेव्हाही तलावांचा जिल्हा अशी होती आणि आजही आहे. वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जमीन चढउताराची. पडलं ते पाणी अडवलं नाही तर नदीला मिळून निघून जायचं. म्हणून इथल्या माणसांनी ते अडवलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. सरकारी कागदावर त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजे पूर्वी गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. बोलताना सगळे ‘मामा तलाव’ म्हणतात.

यातले बरेच तलाव कोहळी समाजानं बांधले. गोंड राजांनी सांगितलं, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, अशी आठवण इथल्या गावोगाव सांगतात. दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा हेरायची आणि तिथंच मातीची पाळ घालायची. एका तलावाचं जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत. बोडी म्हणजे लहान तळं, एखाद्या शेतकऱ्याच्या चार बांध्या भिजवण्यापुरतं. ना सिमेंट, ना नकाशा.

(दृश्य: नवेगाव बांध. सकाळचं धुकं. मागे डोंगर.)

नवेगाव बांधचा हा विस्तार बघा. सात डोंगरांच्या मधला हा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. लोकांनी पुढं त्यांचा देव केला, कोलासूर. आजही त्याला नमस्कार केल्याशिवाय इथं कुणी पाण्यात उतरत नाही असं म्हणतात. तलाव बांधणाऱ्या माणसाचा देव व्हावा, यावरूनच कळतं या मुलखात तलावाची किंमत काय होती.

मग मालगुजारी गेली. १९५१ साली कायदा लागू झाला आणि तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव पुढं जिल्हा परिषदेकडे आले, मोठे पाटबंधाऱ्याकडे. मालगुजारी गेली ते चांगलंच झालं, त्या काळच्या वेठीच्या आठवणी या गावांत अजून आहेत. पण त्यासोबत दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढायचा, पाळीवर माती टाकायची, नहर साफ करायची ही गावाची रीतही गेली. तलाव सगळ्यांचा झाला आणि त्याच्याकडे पाहणारं कुणी उरलं नाही.

(दृश्य: मे महिना. आटलेला तलाव. जांभळट गुलाबी फुलांची झुडपं दूरवर.)

फुलं देखणी दिसतात. ही बेशरम. मूळची दक्षिण अमेरिकेतली, आज विदर्भात असा तलाव शोधावा लागेल जिथं ही नाही. गुरं तिला तोंड लावत नाहीत, कारण ती विषारी आहे. काठावरून सुरू होते आणि वर्षागणिक आत सरकते. तिच्याखाली दुसरं काही वाढत नाही. जिथं ती दाटली, तिथं जाळं टाकता येत नाही.

(जवळून: कुदळ, मूळ, ओढ. एक बाई मागे पडते, उठते, पुन्हा ओढते.)

ही काढायची रीत एकच, मुळासकट. वरून तोडली तर पावसात दुप्पट फुटते. तोडलेला तुकडा चिखलात विसरला तर त्या तुकड्यालाही मुळं सुटतात. म्हणून पाळीवर रचलेले हे ढीग. कडक उन्हात पूर्ण वाळवायचे आणि जाळायचे. रांगेतली एक म्हातारी बाई मागच्या पोरीला बजावत होती, ‘‘मुळासकट काढ वं बाई, नाही तं आखाडात पुन्हा उभी राह्यते.’’

काही गावांत बायकांनी हे काम रोजगार हमीत घ्यायला लावलं. बेशरम काढणं हे तलावाचं काम आहे, त्याचीही मजुरी मिळाली पाहिजे, हे कार्यालयात बसलेल्या माणसाला पटवायला त्यांना खेपेवर खेपा घालाव्या लागल्या.

(दृश्य: दुपार. झाडाखाली बैठक. जमिनीवर खडूनं काढलेला तलाव.)

आता या माणसांची ओळख. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या नावानं काही जण या भागात जुने तलाव अभ्यासत फिरत होते. कुणी बांधले, कसे बांधले, पाणी कसं वाटलं जायचं, याच्या नोंदी करत होते. त्यातूनच पुढं ‘फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक अँड इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट’, म्हणजे ‘फीड’चं काम उभं राहिलं. मनीष राजनकर हे त्यामागचं नाव. पण त्यांच्यासोबत बसलेली ही माणसं पाहा. बहुतेक ढिवर. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा समाज. तलाव त्यांच्या मालकीचा कधीच नव्हता, त्यांचं पोट मात्र त्यावरच.

खडूनं काढलेल्या या तलावात एक म्हातारा बोट ठेवून सांगतोय. इथं देवधान होतं. इथं पोयणी. इथं खोल, इथं खाली नुसतं गवत. देवधान म्हणजे आपोआप उगवणारा रानटी धान. काठच्या उथळ पाण्यात वाढायचा, त्याच्या दाण्यावर बदकं उतरायची. त्याच्या आत रुंद तरंगत्या पानांची पट्टी, कमळ आणि पोयणी. त्याहून आत पाण्याखालचं रान, पुस्तकात ज्याला हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेराटोफायलम म्हणतात ते. म्हाताऱ्यानं पुस्तक पाहिलेलं नाही. कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो, कोणता कशावर चरतो आणि कोणत्या नक्षत्रात पाण्याच्या धारेवर चढतो, हे तो न थांबता सांगतो. शेजारी बसलेला तरुण कार्यकर्ता वहीत लिहून घेतो. ढिवर बोलीतलं नाव एका रकान्यात, शास्त्रीय नाव दुसऱ्यात. दुसरा रकाना पुष्कळ ठिकाणी रिकामा आहे. तो नंतर भरतील.

ही वही म्हणजे या संस्थेच्या कामाचा पाया आहे. तलाव वाचवायला निघालेल्या किती जणांनी ढिवरांना आधी विचारलं? आमच्या पाहण्यात फार थोड्यांनी.

कारण तलाव बिघडला तो नुसत्या गाळानं नाही. उत्पादन वाढावं म्हणून रोहू, कतला, मृगलचं बीज आलं. ते ठीक. पण त्यासोबत गवत्या मासा आला. तो पाण्यातलं गवत खाऊन टाकतो, त्याचं नावच ते. सायप्रिनस आला, तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो. पाण्याखालचं रान गेलं की मरळ, शिंगी, मागूर अशा इथल्या माशांना अंडी घालायला आडोसा राहत नाही. झिंगे राहत नाहीत. मग दरवर्षी बीज विकत आणा. आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे त्याला पैसे नसतील तर तलाव ठेकेदाराच्या घशात.

खोलीकरणाची यंत्रंही आली. गाळ निघायलाच हवा, त्याला कुणाचा विरोध नाही. पण पोकलेननं काठ असा उभा कापला की देवधान कुठं रुजणार? उथळ पाण्यात चालणारा पक्षी कुठं चालणार? तलावाला हळूहळू उतरता काठ लागतो. मोजमाप पुस्तकात फक्त घनमीटर लिहितात, काठाचा उतार लिहायला तिथं जागा नाही.

(दृश्य: ट्रॅक्टर, आटलेल्या तलावाच्या तळावर नांगरणी. धूळ.)

तलावात ट्रॅक्टर पाहून गावकरी हसले होते म्हणे. पण वर्षानुवर्षं गुरांच्या खुरांनी आणि उन्हानं तळ दगडासारखा झालेला. त्यात मूळ शिरणार कसं? म्हणून बेशरम काढली की नांगर. धानाच्या बांधीला करतात तेच तलावाला. पहिल्यांदा अर्जुनी मोरगावातल्या एका लहान तलावात हे करून पाहिलं. तिथं जमलं, मग शेजारची गावं विचारू लागली.

(दृश्य: दुसऱ्या तलावातून वनस्पती काढताना. डोंगा. टोपलीतून निथळणारं पाणी.)

रोवायला परे आणायचे कुठून? बाजारात हे मिळत नाही. ज्या तलावात अजून रान शिल्लक आहे, तिथून आणायचे. एका जागेवरून सगळं उपटायचं नाही, थोडं इथून, थोडं तिथून. मुळाला चिखल लागलेला तसाच राहू द्यायचा. डोंग्यात बसलेला माणूस वाकून हात खोल घालतो, डोळे मिटतो आणि बोटांनी चाचपून ओळखतो कोणतं गवत आहे. वर आलेली जुडी नुसती हिरवी, लिबलिबीत, तिच्यात बोटाच्या पेराएवढे दोन झिंगे उड्या मारतायत. तो ते अलगद पाण्यात सोडतो.

(इथे निवेदन नाही. झिंगे, पाणी, माणसाचा चेहरा.)

हे काम मुख्यत्वे बायकांचं झालं, तेही सहज नाही. ढिवर समाजात मासे धरायचे पुरुषांनी, आणि टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव विकायचे बायकांनी. पाण्यात उतरणं, संस्थेच्या बैठकीत बसणं हे त्यांच्याकडे नव्हतं. मच्छीमार सहकारी संस्थांच्या यादीत बायकांची नावं शोधावी लागायची. बेशरम काढायला त्या आल्या, रोवणीला आल्या, आणि मग बैठकीत येऊन विचारू लागल्या, ‘‘आता बीज कोणतं टाकायचं ते आम्हाले विचारल्याशिवाय ठरवू नका जी.’’ गवत्या मासा सोडायचा नाही हा ठराव अशाच एका बैठकीतला. हात वर झालेले मोजा. बांगड्यांचे हात जास्त आहेत.

(दृश्य: हिवाळा. तोच तलाव. पाणी काचेसारखं.)

ही तीच जागा. सुरुवातीला जिथं रोवणी पाहिली, तिथंच कॅमेरा लावलाय. पाण्यातून तळापर्यंत दिसतंय. पोयणीच्या पानांवरून कमळपक्षी चालत निघालाय. त्याची लांबलचक बोटं बघा, त्या बोटांमुळं त्याचं वजन पानावर पसरतं आणि पान बुडत नाही. कडेला अडई बदकांची शीळ ऐकू येतेय. उत्तरेकडून आलेली तलवार बदकं मधोमध. आणि पलीकडच्या काठाला, खूप लांब, दोन सारस. महाराष्ट्रात सारस उरलेत ते गोंदिया आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यातच. ते मोजायला, त्यांची धानातली घरटी राखायला इथं वेगळी माणसं झटतात, त्यांची गोष्ट स्वतंत्र सांगावी लागेल.

(दृश्य: जाळं ओढताना. काठावर वजनकाटा.)

गावचे मासे परत दिसू लागले, जाळं भरू लागलं, विक्रीचा पैसा बायकांच्या गटाकडेही येऊ लागला. पाट्यावर वाटलेलं तिखट आणि मरळीचा रस्सा, आज या घरात जेवण तेच.

(दृश्य: कार्यकर्ता पाळीवर बसून वही लिहितो. मोटरसायकल बाजूला. दुर्बीण गळ्यात.)

पहाटे पाखरं मोजायची, दुपारी बैठक, संध्याकाळी दुसऱ्या गावी. संस्थेतली माणसं मोजकी आणि तलाव शेकडो. निधी प्रकल्पापुरता मिळतो, प्रकल्प संपतो, तलाव मात्र तिथंच असतो. बेशरमचा एखादा तुकडा दरवर्षी कुठून तरी वाहत येतोच. म्हणून पावसाळा संपला की काठानं एक फेरी ठरलेली. आज ही पोरगी फेरीला निघालीय. वाकते, एक कोवळा कोंब मुळासकट उपटते, पाळीवर उन्हात फेकते. पुढं चालते.

(दृश्य: दोन वर्षांनंतरचा पावसाळा. तोच तलाव. डोंगा, टोपल्या.)

दोन पावसाळ्यांपूर्वी या तलावात गवत दुसरीकडून आणून लावलं होतं. आज इथून काढलं जातंय. थोडं इथून, थोडं तिथून. जुड्या ओल्या पोत्यात गुंडाळून टेम्पोत रचतायत. शेजारच्या गावच्या बायका न्यायला आल्यात. त्यांच्या तलावाची नांगरणी उन्हाळ्यातच झाली, परवा पाऊसही पडला. रोवणीत पहिली वाकलेली ती म्हातारी टेम्पोपाशी उभी आहे. पोत्यांवर लोट्यानं पाणी शिंपडते आणि ड्रायव्हरला सांगते, वाटेत कुठं थांबू नको, ऊन लागलं तर मुळं सुकतील.

(टेम्पो पाळीवरून निघतो. आवाज लांब जाईपर्यंत दृश्य तसंच.)