भाव ओसाकाचा, ताट कोरियाचं

मंडळी, 1869 च्या वसंतात जपानच्या नव्या, शोगुनशाही संपवून सम्राट मेइजींच्या नावानं आलेल्या सरकारनं ओसाकातला दोजिमाचा तांदूळबाजार बंद केला. सरकार तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचं होतं. कारण दिलं की हा जुगार आहे. दोनच वर्षांत, 1871 साली, त्याच सरकारला तो पुन्हा उघडावा लागला. पुढे 1939 मध्ये जपाननं तांदळाचे वायदेबाजार, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे आजच ठरवणारे बाजार, पुन्हा बंद केले आणि त्या वेळी मात्र ते खरोखर बंद झाले. या दोन बंदींच्या मधल्या सत्तर वर्षांबद्दल मला आज बोलायचं आहे. त्यात एकच प्रश्न मी धरून ठेवणार आहे: भाव वरखाली होतो तेव्हा त्याचा फटका कोण सोसतो, आणि तो त्यानं सोसावा हे कोण ठरवतं?

आधी दोजिमा काय होतं ते बघू. मेइजीच्या आधी तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांचं, म्हणजे लष्करी शासकांचं, राज्य होतं. त्या काळात शेतसारा तांदळात भरत. सरदारांकडे तांदूळ साचायचा आणि खर्चाला लागायचा पैसा. म्हणून त्यांनी ओसाकात नदीकाठी वखारी बांधल्या, तिथं तांदूळ आणून ठेवला आणि त्याच्या चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. एक चिठ्ठी दहा कोकूंची. कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ. चिठ्ठ्या हातोहात फिरू लागल्या आणि त्यातून बाजार उभा राहिला. 1730 मध्ये शोगुन योशिमुने यांनी त्याला अधिकृत मान्यता दिली. सारा तांदळातच येत असल्यामुळे तांदूळ स्वस्त झाला की सगळा सामुराई, म्हणजे योद्धा, वर्ग गरीब व्हायचा, म्हणून भाव टिकावा ही खुद्द शोगुनाचीच गरज होती.

दोजिमात दोन बाजार शेजारी शेजारी चालत. एक हजर मालाचा, चिठ्ठ्यांचा. दुसरा वहीवरचा. वहीवरच्या सौद्यात तांदळाचा दाणाही हलत नसे. एक ठरावीक प्रत धरून शंभर कोकूंचे सौदे व्हायचे, वर्षातून तीन मुदती असायच्या आणि शेवटी फरकाची रक्कम रोखीनं चुकती करायची. हिशेब जुळवायला वेगळ्या पेढ्या होत्या. आज आपण ज्याला क्लिअरिंग म्हणतो, तेच त्या करत.

दिवसाचा व्यवहार संपवायची त्यांची पद्धत तर बघण्यासारखी होती. तोड्याच्या बंदुकीला लावतात तसली वात एका पेटीत पेटवून टांगायची. ती विझेपर्यंत सौदे चालू, आणि विझतानाचा भाव तो दिवसाचा भाव. वात विझली तरी लोक हटायचे नाहीत. मग पाणीवाले यायचे आणि गर्दीवर पाणी मारून सगळ्यांना पांगवायचे. इकडे भाव ठरला की टेकडीवरून टेकडीवर निशाणं हलवून, दुर्बिणीतून बघत, तो दूरच्या गावांना कळवला जायचा. मेइजी काळात तार आणि टेलिफोन आले, तरी निशाणवाले बरीच वर्षं टिकून होते.

नव्या सरकारातल्या मंडळींना या सगळ्यात फक्त आरडाओरडा दिसला. तांदूळ नाही आणि तांदळाचा सौदा, मग हा जुगारच, असा त्यांचा हिशेब. पण दोजिमा बंद झाल्यावर त्यांना कळलं की भाव ठरवायची जागाच गेली. सुगीत माल उचलणारा व्यापारी तो सहा-आठ महिने वखारीत ठेवणार, दरम्यान भाव पडला तर त्याचं दिवाळं. वायदा विकायची सोय असली की ही जोखीम तो दुसऱ्यावर टाकू शकतो, आणि ती घ्यायला सट्टेवाला तयार असतो. सट्टेवाला भला माणूस असतो असं मी म्हणत नाही. पण तो आपण होऊन पुढे येतो, बुडालाच तर स्वतःच्या पैशानं बुडतो. हे लक्षात असू द्या, कारण पुढे जे लोक येणार आहेत त्यांना कोणीच विचारलेलं नव्हतं.

1873 मध्ये जमीनमहसुलाची सुधारणा झाली. तांदळात घेतला जाणारा सारा आता रोख पैशात, जमिनीच्या ठरवलेल्या किमतीच्या 3 टक्के. शेतकऱ्यांनी दंगे केले, तेव्हा 1877 मध्ये तो अडीच टक्क्यांवर आला. वरवर पाहता ही हिशेबाची सोय. पण त्यातून एक मोठी उलथापालथ झाली. पूर्वी भाव पडला की सरकार आणि सामुराई रडायचे. आता सरकारचं उत्पन्न येनमध्ये पक्कं झालं आणि भावाचा सगळा धोका शेतकऱ्याच्या डोक्यावर गेला. पहिली काही वर्षं महागाईमुळे शेतकरी खुशीत होता. मग अर्थमंत्री मात्सुकाता यांनी चलन आवळलं. 1881 नंतरच्या तीन वर्षांत तांदूळ निम्म्यावर आला, सारा तेवढाच राहिला. कच्च्या रेशमाचाही भाव कोसळला, आणि 1884 च्या नोव्हेंबरात चिचिबूच्या डोंगराळ भागातल्या रेशीम पिकवणाऱ्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी हत्यारं उचलली. सावकारांच्या वह्या जाळल्या. सरकारनं ते बंड फौज पाठवून मोडलं.

आता थोडं आपल्याकडे येऊ, कारण इथं खरंच आपला संबंध आहे. 1893 च्या बाजारकायद्यानं जपानभर नव्या कंपनी पद्धतीचे बाजार निघाले. ओसाकात कापूस, सूत आणि कापड या तीन जिनसांचा वेगळा वायदेबाजार सुरू झाला. त्याच वर्षी जमशेटजी टाटा जपानला गेले आणि निप्पॉन यूसेन या जहाज कंपनीनं मुंबईची फेरी सुरू केली. तोपर्यंत मुंबईहून पूर्वेकडे माल नेण्यावर पी. अँड ओ. ही ब्रिटिश जहाज कंपनी आणि तिच्या जोडीदार कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी लगेच भाडं इतकं पाडलं की माल जवळजवळ फुकट जाऊ लागला. जपानी गिरण्यांनी मात्र सगळा कापूस आपल्याच जहाजानं आणायचा शब्द दिला आणि पाळला. तीन वर्षांनी, 1896 मध्ये, जपाननं कापसावरची आयात जकात काढून टाकली. ओसाकाजवळच्या कावाची भागात पिढ्यान्‌पिढ्या कापूस लावणारे शेतकरी त्यात संपले. त्यांची जागा घेणाऱ्यांत आपला वऱ्हाडचा आणि खानदेशचा शेतकरी होता.

बाजारात या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत, अमरावतीवरून. धागा आखूड, पण स्वस्त. जपानी गिरण्यांनी त्यात अमेरिकन कापूस मिसळून जाड सूत काढायचं तंत्र पक्कं केलं आणि त्या सुतानं चीनच्या बाजारातून मुंबईच्या गिरण्यांना मागे रेटलं. निप्पॉन मेंका, तोयो मेंका, गोशो या कंपन्यांची माणसं मुंबईत बसून राहिली नाहीत. ती जिनिंग असलेल्या गावांपर्यंत पोचली, तिथेच खरेदी करू लागली आणि तिथला भाव ओसाकाला कळवू लागली. त्यामुळे ओसाकाच्या सूतबाजारात मंदी आली की तिची झळ वऱ्हाडातल्या बाजारात लागायची. 1920 च्या मार्चमध्ये जपानचा युद्धकाळातला फुगा फुटला, काही महिन्यांत सूत निम्म्याहून खाली आलं आणि पुढच्या तारखांचे सौदे पाळणं अशक्य झालं. अखेर व्यापाऱ्यांनी आणि गिरण्यांनी आपसात बसून सौदे मोडून घेतले. ओसाकाकरांना अशी तडजोड करायला एक टेबल होतं. कपाशी पेरून बसलेल्याला ते नव्हतं.

1933 मध्ये हे अगदी उघड्यावर आलं. हिंदुस्थान सरकारनं जपानी कापडावरची जकात 75 टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उत्तर दिलं: तुमचा कापूस घेणार नाही. वाटाघाटी सिमल्यात आणि मग दिल्लीत चालल्या. जानेवारी 1934 मध्ये समझोता झाला: जकात 50 टक्के, आणि जपाननं हिंदुस्थानी कापसाच्या 15 लाख गाठी घेतल्या तर त्याला वर्षाला 40 कोटी यार्ड कापड पाठवता येईल. अमुक गाठींवर तमुक यार्ड. लँकेशायरच्या इंग्रज गिरण्यांचा हिशेब, ओसाकाचा हिशेब आणि मुंबईच्या गिरणीमालकांचा हिशेब या करारात बसवला गेला. कापूस पिकवणाऱ्याचा माल मात्र त्यात फक्त वजन म्हणून होता.

आता पुन्हा तांदळाकडे, आणि 1918 कडे. मला वाटतं, हे वर्ष समजल्याशिवाय साम्राज्यवादी जपान समजत नाही. महायुद्धानं जपानचे कारखाने धडाडत होते, खेड्यातली माणसं शहरात येत होती, तांदूळ खाणारे वाढले होते आणि पीक तेवढं वाढलेलं नव्हतं. 1917 च्या सुरुवातीला कोकूला 15 येनच्या घरात असलेला भाव 1918 च्या ऑगस्टमध्ये 40 येनच्या आसपास गेला. मध्ये सरकारनं नफेखोरीविरुद्ध हुकूम काढला, तो कागदावर राहिला. सैबेरियात फौज जाणार अशी कुणकुण लागली आणि जमीनदार, व्यापारी, सट्टेवाले, सगळ्यांनी माल दाबून धरला.

तोयामा प्रांतात उओझू नावाचं कोळ्यांचं बंदर आहे. पुरुष उत्तरेकडे मासेमारीला गेलेले, कमाई बेताची. बंदरावर तांदळाच्या गोण्या वाहण्याचं काम करणाऱ्यांत या घरांतल्या बायकाही असत. ज्यांच्या पाठीवरून तांदूळ जहाजात चढत होता त्यांनाच तो परवडेनासा झाला. 23 जुलैला होक्काइदोला जाणारं इबुकी-मारू हे जहाज तांदूळ भरायला आलं, तेव्हा या बायका किनाऱ्यावर जमल्या आणि तांदूळ बाहेर पाठवू नका म्हणून अडून बसल्या. जहाज तांदूळ न भरताच गेलं. त्यांनी लुटालूट केली नाही. आमच्या गावचा तांदूळ आम्हाला आधी विका, एवढीच मागणी होती.

काही दिवसांत बातमी देशभर गेली. क्योतो, नागोया, ओसाका, कोबे, मग खाणींची गावं. 12 ऑगस्टला कोबेमध्ये जमावानं सुझुकी शोतेन या बलाढ्य व्यापारी पेढीची कचेरी जाळली. तिनं तांदूळ दडवला अशी वर्तमानपत्रांची हाकाटी होती. खरं म्हणजे परदेशातून तांदूळ आणायला सरकारनंच ज्या पेढ्या नेमल्या होत्या, त्यांतली ही एक. सम्राटाकडून 30 लाख येनची मदत जाहीर झाली, दंगलीच्या बातम्या छापायला बंदी आली, फौज रस्त्यावर उतरली, सुमारे 25 हजार लोक पकडले गेले. सप्टेंबरात पंतप्रधान तेराउचींचं मंत्रिमंडळ पडलं आणि हारा ताकाशी पंतप्रधान झाले, सरदारकीची पदवी नसलेले पहिले पंतप्रधान.

या दंगलींचं खापर तेव्हा सट्टेबाजारावर फुटलं, आजही फुटतं. माझं मत वेगळं आहे. सट्टेवाल्यांनी आगीत तेल ओतलं, यात शंका नाही. पण तांदूळ कमी पडणार हे सरकारच्या आधी बाजाराला कळलं होतं आणि तो ते ओरडून सांगत होता. राज्यकर्त्यांनी 1918 मधून धडा घेतला तो असा: शहरातल्या कामगाराला तांदूळ स्वस्त मिळालाच पाहिजे, नाहीतर सरकार पडतं. मग तो स्वस्त तांदूळ आणायचा कुठून?

जपानची वसाहत असलेल्या कोरियातून. 1920 मध्ये तिथं तांदूळवाढीची मोठी योजना सुरू झाली: पाटबंधारे, नवं बियाणं, खतं. तैवान या दुसऱ्या वसाहतीत जपानी चवीला रुचेल असा तांदूळ तयार केला गेला, 1926 मध्ये त्याचं नाव होराई ठेवलं. कोरियात इंचॉन बंदरावर जपान्यांनी 1896 पासूनच तांदूळ आणि कडधान्यांचा वायदेबाजार चालवला होता. तिथला भाव ओसाकाच्या तारेवर हलायचा. पीक कोरियाचं, भाव ओसाकाचा. ज्या कोरियन लोकांनी या बाजारात हात घातला त्यांतल्या बऱ्याच जणांनी जमिनी घालवल्या.

योजनेनं पीक वाढलं, पण निर्यात त्याहून कितीतरी वेगानं वाढली. 1930 च्या दशकात कोरियाच्या पिकाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा जपानला जात होता. वसाहतकालीन आकड्यांनुसार कोरियातला माणशी तांदूळ 1910 च्या दशकात वर्षाला 0.7 कोकू होता, तो 1930 च्या सुमाराला 0.45 कोकूपर्यंत उतरला. त्याच काळात जपानमधला माणूस एक कोकूहून जास्त खात होता. उरलेली भूक कोरियन कुटुंबांनी मंचुरियातून, म्हणजे ईशान्य चीनमधून, येणाऱ्या राळ्यावर भागवली. त्याच मंचुरियातून दाईरेन बंदरावाटे सोयाबीनची पेंड जपानला जायची, तिचं खत जपानच्या भातशेतीला. 1913 पासून दाईरेनलाही सोयाबीनचा बाजार होता. कुठल्या जिनसेनं कोणाच्या पोटात जायचं हे सगळं असं एकात एक बसवलेलं होतं.

स्वस्त तांदळाचा दुसरा फटका जपानी शेतकऱ्यालाच बसला. 1930 मध्ये भरघोस पीक आलं, वरून जागतिक मंदी आणि वसाहतींचा तांदूळ. भाव कोसळला, रेशमाचे कोषही निम्म्या भावाला गेले. भरल्या कोठारात उपासमार, अशी स्थिती. 1934 च्या दुष्काळात तोहोकू या ईशान्य जपानच्या भागात अनेक घरांतल्या मुली विकल्या गेल्या. त्या वर्षी जपानी शेतकऱ्यांच्या ओरड्यामुळे कोरियातली योजना थांबवली गेली. तिथला शेतकरी तोपर्यंत पाटबंधाऱ्यांच्या पाणीपट्टीत बुडाला होता, ती पट्टी काही थांबली नाही.

1921 च्या कायद्यानं सरकार तांदूळ घेऊ-विकू लागलंच होतं. 1933 च्या कायद्यानं किमान आणि कमाल भाव बांधले, आणि त्या भावांना हवा तेवढा तांदूळ घ्यायची-विकायची हमी सरकारनं दिली. भाव हलायचाच नाही तर वायद्यात कोण पडणार? दोजिमा तेव्हाच रिकामं व्हायला लागलं. 1939 मध्ये तांदूळबाजार कायद्यानं रद्द झाले आणि व्यवहार एका निमसरकारी कंपनीकडे गेला. त्याच उन्हाळ्यात कोरियात आणि पश्चिम जपानात पाऊस पडला नाही. कोरियाचा तांदूळ आटला. टंचाई किती आहे हे सांगणारा बाजारच आता नव्हता. सरकारला इंडोचायना आणि थायलंडकडे धावावं लागलं. एप्रिल 1941 पासून मोठ्या शहरांत माणशी दिवसाला 330 ग्रॅमचं रेशन आलं. कोरियाच्या खेड्यांत सक्तीची लेव्ही सुरू झाली, सरकार ठरवेल त्या भावानं.

1942 मध्ये अन्ननियंत्रण कायदा आला. साम्राज्य 1945 मध्ये गेलं, कोरिया आणि तैवान सुटले, पण हा कायदा 1995 पर्यंत राहिला. युद्धानंतर सरकार शेतकऱ्याकडून चढ्या भावानं तांदूळ घेऊन ग्राहकाला उतरत्या भावानं देऊ लागलं. मधली तूट जपानी करदाता भरत होता. त्याला निदान मत द्यायचा अधिकार होता.