वाकसाचे उरलेले पोलाद

नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेला हा वाकस, म्हणजे लाकूड तासायचे हत्यार, ज्यांनी आयुष्यभर चालवला, ते वाढई (सुतार) आज हयात नाहीत. पात्यावर तांबूस गंज चढला आहे, दांडा नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, खुळखुळतो आहे, आणि आजोबांचे हे हत्यार पुन्हा कामाला येईल असे दुरुस्त करावे की आहे तसेच जपावे, हे त्यांच्या नातवाला ठरवायचे आहे.

अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, मांडलेल्या पुरावस्तूला धार लावण्याचा विचार कोणी करणार नाही. नागपूर जिल्ह्यातील माहुरझरी आणि नायकुंड येथील महापाषाणीय शिळावर्तुळांत, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांत, लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या, नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. अशा प्राचीन लोखंडावरचा गंजसुद्धा पुरावा असतो, कारण दांड्याचे लाकूड कुजून गेल्यावरही त्याच्या रेषा गंजाच्या थरात उमटून राहू शकतात. घरातल्या वाकसाचे तसे नाही. धार लावली जाणे आणि त्यात झिजत जाणे हेच त्याचे आयुष्य होते.

तरीही घाई नको. वरचा भुरभुरणारा तांबूस गंज ओलावा धरून लोखंड खात राहतो, म्हणून तो काढलाच पाहिजे. त्याखालचा काळा, घट्ट थर मात्र बऱ्याच अंशी लोखंडाला राखतो, म्हणून तो खरवडू नये. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पाते पाच मिनिटांत चकचकीत करून मिळते, पण त्यात लोहाराने ठोकलेली खूण पुसट होते, आणि चाकावर धार लावताना ती सुमारे ३०० अंशांपर्यंत तापून निळसर झाली, तर पोलादाचे पाणी उतरते, म्हणजे त्याचा कडकपणा जातो.

दांड्याचे उत्तर सोपे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की लाकूड आकसते, आणि नवी पाचर ठोकून ते पुन्हा घट्ट करता येते. दांडा रात्रभर पाण्यात ठेवण्याचा तोडगा फसवा आहे, कारण फुगताना नेढ्यात चेपलेले धागे वाळल्यावर अधिकच सैल पडतात. दांड्याला फडक्याने जवसाचे तेल लावून घ्यावे, मात्र तेलाचे फडके चुरगाळून टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. पॉलिश पेपर मात्र दांड्याजवळ फिरकूही नये, कारण मुठीच्या जागी पडलेली ही खोलगट झीज पुन्हा कोणालाही घडवता येणार नाही.

राहिली धार. गंज निघाल्यावर पात्याच्या टोकाशी एक फिकट रेघ दिसली. मऊ लोखंडाला पुढे पोलादाची पट्टी जोडून पाते घडवण्याची लोहारांची जुनी रीत होती, आणि या वाकसात धार धरणारी ती पट्टी जेमतेम दोन मिलिमीटर उरली आहे. नवे पोलाद जोडता येईल, पण त्यासाठी सगळे पाते भट्टीत लाल करावे लागेल, म्हणजे काळा थर आणि लोहाराची खूण दोन्ही जातील.

नातवाने धार लावली नाही. रोजच्या कामासाठी त्याने लोहाराकडून नवा वाकस घडवून घेतला आणि त्याच्या दांड्याचे माप याच वाकसावरून दिले.