मोस्तारला मुक्कामाला राहा

मित्रहो, मोस्तारला गेलात तर रात्रीचा मुक्काम करा. मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. पुढचं सगळं बोलणं त्याच्या कारणांचं.

उन्हाळ्यात दुब्रोवनिक, स्प्लिट अशा क्रोएशियातल्या किनाऱ्यावरच्या शहरांतून सकाळी बस सुटतात. दुपारच्या आत त्या बोस्निया-हर्जेगोविनातल्या या लाखभर वस्तीच्या शहरात येतात. माणसं पूल बघतात, फोटो काढतात, जेवतात आणि संध्याकाळच्या आत परत बसमध्ये बसतात. पहिल्या खेपेला मीही तशीच गेले होते, आणि पूल पाहिला म्हणजे मोस्तार पाहिलं असं समजून परतले. दुसऱ्यांदा सारायेवोहून रेल्वेनं गेले. दोन तासांचा तो प्रवास, आणि त्यातला बराच वेळ नेरेत्वा नदी खिडकीबाहेर सोबत चालते. त्या वेळी तीन रात्री राहिले.

पूल तर पाहायलाच हवा. या गावाचं नावच मुळी पूल राखणाऱ्यांवरून, 'मोस्तारीं'वरून पडलं. तुर्की सुलतान सुलेमानच्या हुकमावरून मिमार हैरुद्दीन या वास्तुकारानं तो बांधला, 1566 साली पुरा झाला. दगडाची एकच कमान, सुमारे 29 मीटर लांब, पाण्यापासून वीसेक मीटर उंच. दगड इथलाच, तेनेलिया नावाचा, फिकट रंगाचा. कमानीखालचा आधार काढायच्या दिवशी पूल कोसळेल या धास्तीनं हैरुद्दीननं स्वतःची कबर खणून ठेवली होती, अशी दंतकथा गावात सांगतात. पूल मात्र उभा राहिला, तो चारशे सत्तावीस वर्षं.

बोस्नियाच्या युद्धात, 9 नोव्हेंबर 1993 रोजी, तिथल्याच क्रोएट सैन्याच्या तोफगोळ्यांनी तो नदीत पडला. त्याच्या आधी कित्येक महिने गावकऱ्यांनी त्याच्या कठड्यांना जुने टायर बांधले होते, वर पत्रे घातले होते. त्या दिवसांतले फोटो मी पाहिले आहेत. घरातल्या आजारी म्हाताऱ्याला गोधडीत गुंडाळावं, तसा तो पूल दिसतो. आज आपण ज्यावरून चालतो तो 23 जुलै 2004 रोजी खुला झालेला पूल. त्याच जातीचा दगड, तीच घडण, फक्त चिरे नवे.

दुपारी पुलावर पाय ठेवायला जागा नसते. कठड्यावर उभं राहून गावातली मुलं नदीत उडी मारतात. आधी बघ्यांकडून पैसे जमवतात, मग अंगावर गार पाणी ओतून घेतात, कारण भर उन्हाळ्यातही नेरेत्वाचं पाणी बर्फासारखं असतं. ही कला इथं शतकानुशतकांची आहे. हात पसरून, डोकं खाली करून मारलेल्या उडीला ते 'लास्ता' म्हणतात, म्हणजे पाकोळी.

बस गेल्या की गाव आपलं होतं. मी ज्या घरात उतरले होते तिथल्या आजी मला संध्याकाळी कॉफीला बसवायच्या. लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात कॉफीची पूड आधी कोरडीच जराशी तापवायची, मग उकळतं पाणी ओतायचं, फेस वर आला की उतरवायचं. गोल तांब्याच्या ताटात बिनकानाचा छोटा कप, साखरेचे खडे, रहत-लोकुम नावाची गुलाबी तुर्की मिठाई आणि पाण्याचा पेला. खडा कॉफीत बुडवून त्याचा कोपरा दातांनी तोडायचा, तो जिभेखाली ठेवायचा आणि वरून घोट घ्यायचा. एका कपाला तासभर. या निवांतपणाला त्या 'चेइफ' म्हणत. ऐकता ऐकता लक्षात आलं, हा आपला कैफ! तुर्कांबरोबर तो तिकडे गेला, फारसीबरोबर आपल्याकडे आला. मग आम्हाला खेळच लागला. दुकानाला दुचान, बदामाला बादेम, हमालाला हमालच. आणि मुसाफिर म्हणजे त्यांच्याकडे पाहुणा. आपल्याकडे मुसाफिर म्हणजे वाटसरू. त्यांनी त्याला घरात घेतला आहे.

आजींचे यजमान वेलेझ या फुटबॉल क्लबचे भक्त. 1981 आणि 1986 साली युगोस्लाव्हियाचा चषक या क्लबनं जिंकला, ती वर्षं आजींना नातवंडांच्या जन्मसालांसारखी पाठ. क्लबचं मैदान पश्चिमेला होतं, घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. युद्धात गाव दुभंगलं, पूर्वेला बोस्नियाक म्हणजे बोस्नियातले मुसलमान, पश्चिमेला क्रोएट. मैदान तिथंच आहे, आता त्यावर झ्रिन्स्की हा पश्चिमेकडचा क्लब खेळतो, आणि वेलेझ शहराच्या उत्तर टोकाला व्रापचिचीला. यजमान वारले, पण तोवर त्या मैदानावर पुन्हा कधी त्यांनी पाऊल ठेवलं नाही. आजींनी हे कुणाला बोल न लावता सांगितलं आणि कपात थोडी कॉफी वाढली.

ही दुफळी पुलावरून दिसत नाही. 2008 नंतर थेट 2020पर्यंत या शहरात पालिकेची निवडणूकच झाली नव्हती. जुन्या जिम्नॅशियमच्या, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेच्या, नारिंगी इमारतीत एकाच छपराखाली बोस्नियाक आणि क्रोएट मुलं दोन वेगळे अभ्यासक्रम शिकतात. त्याच इमारतीत 2006पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, आपल्या मुळशीतल्या कॉलेजचं भावंड. तिथं सगळीकडची मुलं एका वर्गात बसतात. त्या जिन्यात मी बराच वेळ थांबले होते.

जुन्या बाजाराजवळ एक छोटं कब्रस्तान आहे. युद्धाआधी ती बाग होती. गाव वेढलेलं असताना माणसं तिथंच पुरली. पांढऱ्या दगडांवर जन्मसालं वेगवेगळी, मृत्यूचं साल मात्र पुन्हा पुन्हा तेच, 1993. तिथं जाल तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवा.

आणि शेवटच्या दिवशी सहाला उठा. पुलाचा दगड पायांनी घासून काचेसारखा झाला आहे, म्हणून चढावर आडव्या दगडी पट्ट्या बसवल्या आहेत. आम्ही प्रवासी दुपारी त्यावरून खाली बघत, कठडा धरत चाललो होतो. पहाटे एक बाई पावाची पिशवी घेऊन आली. मान वर, नजर समोर, कुणाशी तरी फोनवर बोलत, आणि पाय आपोआप पट्टीवरून पट्टीवर.